शितावरून भाताची परीक्षा

मी डॉक्टर नाही. मराठी विषय घेऊन बीए झालेला आणि कविता लिहिणारा माणूस आहे. त्यामुळे कर्करोगावरील नव्या उपचारांच्या चाचण्यांवर बोला, असे आकाशवाणीच्या मंडळींनी सुचवले तेव्हा मी आधी नकारच दिला. मग वाटले, या विषयावर डॉक्टर बोलतात ते टेबलाच्या त्या बाजूने. या बाजूच्या खुर्चीवर बसलेल्याने एकदा बोलायला काय हरकत आहे? त्या खुर्चीवर मी माझ्या थोरल्या बहिणीशेजारी पुष्कळ बसलो आहे.

तिला आम्ही आपा म्हणायचो. चौथी शिकलेली. सोलापुरात चाळीस वर्षे तिने शिलाई मशीन चालवले. माझी कॉलेजची फी त्या मशीनवरच निघाली. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी तिच्या मानेवर गाठ आली. दुखत नव्हती म्हणून तिने दोन महिने ती पदराखाली ठेवली. मग एका डॉक्टरांनी गाठ हाताने चाचपून क्षयाचे निदान केले आणि औषधे सुरू केली. आपल्याकडे मानेतल्या गाठी बरेचदा क्षयाच्या असतात, हे खरेच आहे. पण सगळ्याच नसतात. चार महिने गेले, गाठ वाढली, रात्री घाम येऊ लागला, वजन उतरले. अखेर गाठीचा तुकडा काढून तपासला तेव्हा कळले, हा लिम्फोमा आहे. तुकडा तपासल्याशिवाय गाठीचे नाव ठरवू नये, हे आम्ही चार महिने मोजून शिकलो.

लिम्फोमा म्हणजे काय? आपल्या शरीरात मान, काख, जांघ, पोट अशा ठिकाणी लसिका ग्रंथी असतात. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या या जणू चौक्या. त्यातल्या लिम्फोसाइट नावाच्या पेशीच बिघडून बेसुमार वाढू लागल्या की त्याला लिम्फोमा म्हणतात. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये अशा ग्रंथींचे वर्णन लिहिले. त्यांच्या नावाने एक प्रकार ओळखला जातो, बाकीचे सारे 'नॉन-हॉजकिन'. एका नावाखाली कितीतरी वेगवेगळे आजार. आपाचा होता तो 'डिफ्यूज लार्ज बी सेल' प्रकारचा. वेगाने वाढणारा, पण औषधाला बऱ्याचदा दाद देणारा. दर एकवीस दिवसांनी एक अशी सहा वेळा केमोथेरपी झाली, सोबत रिटुक्सिमॅब नावाचे औषध. गाठ विरघळली. केस परत आले. आपा पुन्हा मशीनवर बसली.

या उपचाराने दहापैकी सुमारे सहा रुग्ण कायमचे बरे होतात. आपा उरलेल्या चारांत निघाली. चौदा महिन्यांनी गाठ परत आली. आपल्याकडे 'टायफॉइड उलटला' असे म्हणतात ना, तसा हा आजार उलटला. उलटलेला लिम्फोमा पहिल्यापेक्षा हट्टी असतो, कारण पहिल्या औषधातून जगल्या-वाचलेल्या पेशींपासूनच तो पुन्हा वाढतो.

तेव्हा पुण्याच्या रुग्णालयातील डॉक्टर म्हणाले, "मावशी, नेहमीचा उपचार आहेच. पण एका नव्या औषधाची चाचणीही इथे चालू आहे. तुम्ही त्यात बसता. विचार करून सांगा."

घरात गहजब झाला. माझा भाचा म्हणाला, "मामू, अम्मीवर प्रयोग करणार ते!" 'प्रयोग' हा शब्दच असा. नाटकाचा प्रयोग म्हटले की माणूस तिकीट काढून जातो आणि माणसावर प्रयोग म्हटले की डोळ्यांपुढे पिंजऱ्यातला उंदीर येतो. ही भीती अगदीच निराधार नाही. अमेरिकेत टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे गरीब काळ्या पुरुषांचा उपदंश उपचाराविना नुसता पाहत राहिले. त्यांना खरे काय ते सांगितलेही नव्हते. नाझी डॉक्टरांच्या खटल्यानंतर १९४७ मध्ये न्यूरेम्बर्ग संहिता आली. तिचे पहिलेच कलम असे की, माणसाची स्वेच्छेने दिलेली संमती अत्यावश्यक आहे. आपल्याकडेही चाचण्यांतील गैरप्रकारांविरुद्ध इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंच या संस्थेने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यानंतर नियम कडक होत गेले. आज लागू आहेत ते २०१९ चे 'नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियम'.

पण मुळात चाचणी हवीच कशाला? औषध चांगले असेल तर द्यावे, नसेल तर देऊ नये. हा प्रश्न मीही डॉक्टरांना विचारला. ते हसून म्हणाले, "तुम्ही मराठीचे ना? मग शितावरून भाताची परीक्षा तुम्हाला माहीत असेलच. ती इथे चालत नाही."

घरी येताना गाडीत मी त्यावर विचार केला. भाताचे एक शीत चेपून सगळे भांडे शिजले की नाही ते कळते, कारण सगळी शिते एकाच भांड्यात, एकाच पाण्यात, एकाच आगीवर असतात. माणसांचे तसे नाही. एकाचे वय चाळीस, दुसऱ्याचे सत्तर. एकाचा आजार पाच वर्षांनी उलटलेला, दुसऱ्याचा पाच महिन्यांत. एक माणूस औषधाने बरा झाला यावरून काहीच ठरत नाही. कदाचित तो जुन्या औषधानेही बरा झाला असता. म्हणून पुष्कळ माणसे घ्यायची, त्यांचे दोन गट करायचे, एकाला नवे औषध, दुसऱ्याला सध्याचे उत्तम ते औषध द्यायचे आणि दोन्हींची तुलना करायची. कोण कुठल्या गटात, हे डॉक्टरांनी ठरवायचे नाही. डॉक्टरही माणूसच. नकळत धडधाकट रुग्ण एकीकडे घालील. म्हणून ते ठरवायचे चिठ्ठी टाकून. आता हे काम संगणक करतो.

चिठ्ठीची ही पद्धत काटेकोरपणे वापरली गेली ती क्षयाच्या औषधासाठी, ब्रिटनमध्ये. महायुद्ध नुकतेच संपले होते, स्ट्रेप्टोमायसिन अपुरे होते, सगळ्यांना देणे शक्यच नव्हते. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने चिठ्ठ्या बंद लिफाफ्यांत घातल्या. त्याला स्वतःला तरुणपणी क्षय झाला होता. १९४८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. औषध मिळालेल्या ५५ पैकी सहा महिन्यांत ४ दगावले, नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४. त्यानंतर कुणाला वाद घालायची गरज उरली नाही.

नवे औषध चिठ्ठीपर्यंत लगेच पोहोचत नाही. पहिल्या टप्प्यात थोड्या रुग्णांना अगदी कमी मात्रेपासून देत शरीराला किती सोसते ते पाहतात. दुसऱ्या टप्प्यात आजारावर काही असर होतो का ते पाहतात. तिसऱ्या टप्प्यात शेकडो रुग्णांवर सध्याच्या उपचाराशी तुलना होते. औषध बाजारात आल्यावरही नजर ठेवतात, तो चौथा टप्पा. आपल्याला विचारले गेले तर ती चाचणी कितव्या टप्प्याची, हा पहिला प्रश्न विचारावा. पहिल्या टप्प्यात स्वतःच्या फायद्याची खात्री सर्वांत कमी असते.

लिम्फोमाच्या बाबतीत या रस्त्याने काय हाती आले? रिटुक्सिमॅब आधी उलटलेल्या, हळू वाढणाऱ्या लिम्फोमाच्या १६६ रुग्णांना दिले गेले. जवळपास निम्म्यांच्या गाठी कमी झाल्या आणि १९९७ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. मग आपाच्या प्रकारच्या आजारात, साठ ते ऐंशी वयाच्या ३९९ रुग्णांवर फ्रेंच डॉक्टरांच्या पुढाकाराने चाचणी झाली. २०२ जणांना केमोबरोबर रिटुक्सिमॅब, १९७ जणांना नुसती केमो. २००२ मध्ये निकाल आला. आजार पूर्ण नाहीसा होण्याचे प्रमाण ७६ टक्के विरुद्ध ६३ टक्के. आपाला मिळालेली औषधाची पहिली बाटली या ३९९ माणसांनी तिच्यापर्यंत पोहोचवली होती. त्यातल्या १९७ जणांना तर ते औषध मिळालेही नव्हते.

आजार उलटल्यावर जोरदार केमो देऊन रुग्णाच्याच मूळ पेशी त्याला परत देण्याची पद्धत आहे. तीही चिठ्ठीतूनच सिद्ध झाली. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पार्मा' चाचणीत केमोला दाद दिलेल्या १०९ रुग्णांचे दोन गट केले होते. पाच वर्षांनी आजाराविना असलेले पेशीरोपणाच्या गटात ४६ टक्के, नुसत्या केमोच्या गटात १२ टक्के. पण हा उपचार सोसायला शरीर दणकट लागते. आपाचे हृदय तेवढे राहिले नव्हते.

मग आली कार-टी. रुग्णाच्या रक्तातल्या टी पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात नवे जनुक घालून कर्कपेशी ओळखायला शिकवायचे, वाढवायच्या आणि सलाइनसारख्या परत द्यायच्या. लवकर उलटलेल्या लिम्फोमात ही पद्धत जुन्या उपचारापेक्षा सरस आहे का, हे पाहणाऱ्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल २०२१ च्या डिसेंबरात एकाच सुमारास आले. एकीचे नाव झुमा-७, रुग्ण ३५९. दोन वर्षांनी आजार न बळावता असलेले कार-टीच्या गटात ४१ टक्के, जुन्या उपचारात १६ टक्के. दुसरी बेलिंडा, रुग्ण ३२२. तिच्यात दोन्ही गट सारखेच निघाले. कार-टीची जात थोडी वेगळी, पेशी तयार होईपर्यंत लागलेला वेळ वेगळा, मधल्या काळातले औषध वेगळे. कारणे काहीही असोत, नवे ते चांगलेच असते, असे धरून चालणाऱ्यांनी बेलिंडाचे नाव लक्षात ठेवावे.

आपल्याही मातीत हे काम झाले आहे. मुंबईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून देशी कार-टी तयार केली. २०२१ मध्ये खारघरच्या केंद्रात पहिल्या रुग्णाला ती दिली गेली. २०२३ च्या ऑक्टोबरात 'नेक्सकार-१९' नावाने तिला परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. तिच्या चाचण्यांत ६४ रुग्ण होते, लिम्फोमाचे आणि रक्ताच्या कर्करोगाचे. ज्यांचा निकाल मोजता आला अशा ५१ जणांपैकी ७३ टक्क्यांनी दाद दिली. उपचारामुळे झालेल्या दोन मृत्यूंचीही नोंद आहे. अमेरिकेत अशा एका उपचाराची नुसती औषधाची किंमत २०१७ मध्ये ३ लाख ७३ हजार डॉलर होती. इथे तीस-चाळीस लाख रुपयांची भाषा होते. स्वस्त झाले, हे खरे. शिलाई मशीनवर जगणाऱ्या घराला परवडेल इतके नाही, हेही तितकेच खरे.

आपासमोर आलेली चाचणी तिसऱ्या टप्प्याची होती. नवे औषध दोन हातांचे प्रतिपिंड होते. एका हाताने कर्कपेशी धरते, दुसऱ्या हाताने आपलीच टी पेशी धरून तिच्याशी भिडवते. या कुळातल्या ग्लोफिटामॅबच्या दुसऱ्या टप्प्यात १५५ रुग्ण होते. त्यात ३९ टक्क्यांचा आजार पूर्ण दिसेनासा झाला होता. या कुळातल्या औषधांना अमेरिकेत परवानगीही मिळाली आहे. आपाच्या चाचणीत एका गटाला केमो आणि नवे औषध, दुसऱ्याला केमो आणि जुने औषध. नुसत्या साखरेच्या गोळीवर कुणालाही ठेवणार नव्हते. उलटलेल्या लिम्फोमात चांगला उपचार उपलब्ध असताना तसे करायची रीत नाही. भाच्याची निम्मी भीती इथेच गेली.

उरली निम्मी. तिच्यासाठी संमतीपत्र होते, बावीस पानांचे. रुग्णाला कळेल त्या भाषेत ते असावे, असा नियम आहे आणि ते मराठीतच होते. पण कसले मराठी! 'यादृच्छिकीकरण' हा शब्द मला, मराठीच्या पदवीधराला, तीनदा वाचावा लागला. आपाला मी म्हटले, "चिठ्ठी टाकणार."

"भिशीसारखी?"

"हो, तशीच."

ती विचार करून म्हणाली, "पण भिशीत कधी ना कधी प्रत्येकीचा नंबर लागतोच. इथं लागेल का?"

मी म्हटले, "नाही आपा. इथं एकदाच चिठ्ठी." माझ्या बावीस पानांच्या वाचनापेक्षा तिच्या या एका प्रश्नात अधिक समज होती.

वाचता न येणारा रुग्ण असेल तर संमतीच्या वेळी रुग्णालयाशी संबंध नसलेला एक त्रयस्थ साक्षीदार लागतो. आपाला थोडे वाचता येत होते, तरी डॉक्टरांनी साक्षीदार बसवला. एकेक पान समजावून सांगितले. मध्येच थांबून "मावशी, आता तुम्ही मला सांगा, काय कळलं?" असे विचारले. चाचणीतून कधीही बाहेर पडता येईल, कारण द्यावे लागणार नाही, पुढचा उपचार अडणार नाही, हे दोनदा सांगितले. आमच्यात निकाहच्या वेळी वकील आणि साक्षीदार मुलीकडे जाऊन तिची कबुली घेतात. बाहेर आल्यावर आपा मला म्हणाली, "निकाहच्या वेळी मला कुणी एवढं विचारलं नव्हतं रे."

तिने सही केली. आठवड्याने चिठ्ठी निघाली. जुने औषध.

मी मनातून खचलो. खोटे कशाला बोलू, डॉक्टरांना भेटून काही करता येईल का, असेही माझ्या मनात आले. आपाने मला अडवले. "नवं ब्लाउज शिवताना मी मापाचं ब्लाउज मागते की नाही? ते शेजारी नसेल तर नवं नीट बसतंय की नाही, कसं कळणार? कुणीतरी मापाचं व्हायलाच पाहिजे."

त्याच चाचणीत लातूरकडच्या एक बाई होत्या. त्यांना नवे औषध मिळाले. पहिल्या डोसांच्या वेळी त्यांना तिथेच भरती करून ठेवले. आपाही तापाने त्याच वॉर्डात होती. या औषधाने टी पेशी इतक्या खवळतात की सडकून ताप येतो, रक्तदाब उतरतो, क्वचित मेंदूवरही परिणाम होतो. तो ओळखायची एक साधी परीक्षा आहे. नर्स येऊन साल विचारते, गाव विचारते, शंभरापासून दहा-दहा कमी करत मोजायला लावते आणि कागदावर एक वाक्य लिहायला सांगते. बाई रोज लिहायच्या, "मला भाकरी खावीशी वाटते." एका सकाळी अक्षरे ओळ सोडून खाली घसरली, 'भाकरी'तला 'क' अर्धाच राहिला. डॉक्टर धावले, स्टेरॉइड सुरू केले, तिसऱ्या दिवशी वाक्य पुन्हा सरळ झाले. मी चाळीस वर्षे वाक्ये जुळवतो आहे, पण एका वाक्याला इतके लोक जपताना मी त्याआधी पाहिले नव्हते.

आपाला जुन्या औषधाने सात महिने बरे गेले. मग गाठी परत आल्या. सही केल्यापासून अकराव्या महिन्यात ती गेली. लातूरच्या बाई आज बऱ्या आहेत. ईदला फोन करतात.

आमच्या गल्लीतले लोक म्हणतात, चिठ्ठी उलटी निघाली असती तर आपा वाचली असती. मला रात्री हेच वाटते. सकाळी मी स्वतःला सांगतो की, ही पुन्हा शिताची परीक्षा झाली. नवे औषध मिळालेलेही काही जण गेले आहेत, जुने मिळालेले काही जण घरी हिंडत-फिरत आहेत. आपा आणि लातूरच्या बाई या दोन शितांवरून मला काहीही ठरवता येणार नाही. आमच्या दुःखाला हे पटत नाही. पण दुःखाला पटेल तेच खरे मानायचे, तर मग चार महिने गाठीला क्षय म्हणणाऱ्या आणि माझी बहीण यांच्यात फरक काय राहिला? त्या चाचणीचा निकाल अजून यायचा आहे. तो येईल तेव्हा आपा त्यात एक आकडा असेल.

ऐकणाऱ्यांपैकी कुणावर ही वेळ आली तर काय विचारावे, तेवढे सांगतो. चाचणी कितव्या टप्प्याची आहे? भाग घेतला नाही तर मला कोणता उपचार मिळेल? गट किती आणि दुसऱ्या गटाला काय मिळते? औषध, तपासण्या आणि प्रवास यांचा खर्च कोण करणार? चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार मिळणे आणि नियमानुसार भरपाई मिळणे हा हक्क आहे. मृत्यू झाला तर भरपाई वारसाला मिळते. ते कागदावर दाखवायला सांगा. रुग्णालयाच्या नीतिमत्ता समितीचा फोन नंबर संमतीपत्रावर असतो, तो लिहून घ्या. चाचणी खरी आहे का ते पाहायचे तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची चाचणी नोंदवही आहे, सीटीआरआय. ती २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून तिथे नोंदणी सक्तीची आहे. कुणालाही ती फुकट पाहता येते. नोंदणी क्रमांक मागा. नोंदणीच नाही असे उत्तर आले तर उठून या. आणि संमतीपत्राची एक प्रत घरी आणा. शब्द कळला नाही तर विचारा. न कळलेल्या शब्दाखाली सही करू नका.

आपाची प्रत माझ्याकडे आहे. शेवटच्या पानावर तिची सही आहे, चौथीत गिरवलेल्या अक्षरात, ओळीवर सरळ. मी तिच्या जागी असतो तर सही केली असती का, असे मला भाच्याने विचारले. मी हो म्हणालो. पण आधी तिच्यासारखा तो भिशीचा प्रश्न विचारला असता.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)